घरातल्या सुयांचं काय?

दवाखान्यातल्या कचऱ्यावरचा तुमचा लेख वाचला; कोणता कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यात टाकायचा ते छान समजावलंय. पण आमच्या नाशिकच्या सिडकोत इन्सुलिन घेणारे कितीतरी आहेत, त्यांच्या सुया जातात कुठे? कचऱ्याच्या पिशवीतून घंटागाडीत, तिथून पाथर्डीच्या खतप्रकल्पावर, आणि मग कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटात. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरच्या वापरलेल्या सुया, सिरिंज, मुदत संपलेली औषधं घातक कचऱ्यात धरली होती, म्हणजे वेगळीच द्यायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तर लोक माझ्याकडेच बघत बसले!

आम्ही जाड प्लास्टिकच्या बरणीत सुया साठवतो, झाकणाला चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरात 'सुया'. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, हमखास टोचतं.

आणि हो, दवाखान्यातल्या लाल पिशवीतल्या सलाईनच्या नळ्या जाळत नाहीत. निर्जंतुक करून, तुकडे करून प्लास्टिक पुन्हा वापरात जातं. लाल पिशवीत रक्ताचा कापूस टाकणाऱ्या दवाखान्यांना दंड व्हायलाच हवा. कापसाची जागा पिवळ्यात.

महापालिकेने निदान मेडिकल दुकानांत तरी सुयांसाठी एकेक डबा ठेवायला लावावा. बरणी भरत आलीय, द्यायची कुणाकडे?