काका, फ्रेंच लोकही घरी करतात, पण सगळं नाही

काका, मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: फ्रान्समधले लोक स्वतः मूस, लाव्हा केक असले चॉकलेटचे गोड पदार्थ दुकानातून आणतात, मग आपण ओट्यावर पसारा मांडून का बसायचं, त्यात मजा ती काय? कच्ची अंडी घातलेलं चॉकलेट मूस, म्हणजे तो फेसासारखा हलका थंड पदार्थ, म्हणजे दुखण्याला आमंत्रण, लाव्हा केक म्हणजे कच्चा राहिलेला केक, आणि एवढा खटाटोप करून चव लागते ती चॉकलेटचीच. वर 'हौस कमी, दिखावा जास्त' असा शेराही मारलात. शेरा सोडून देते, बाकीच्यावर बोलू.

दुकानाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. एक्लेअर, मिलफॉय, ऑपेरा हे क्रीमचे आणि थरांचे पदार्थ फ्रान्समध्ये सहसा कुणी घरी करत बसत नाही. रविवारी जेवायला जाताना पातिस्रीतून, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानातून, खोका घेऊन जायची तिथे रीतच आहे. ऑपेरा केकच घ्या. पॅरिसच्या दालोयो या दुकानाने तो १९५५ साली आणला असं सर्वसाधारणपणे मानतात. बदामाच्या पातळ केकचे थर, त्यांना कॉफीचा पाक पाजायचा, मध्ये कॉफीचं बटरक्रीम, मग गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण), वरून चकचकीत चॉकलेट, आणि हे सगळं मिळून जेमतेम दोन बोटं उंच. ते काम रोज तेच करणाऱ्या हाताचं. मी करत नाही आणि कुणाला करा असंही सांगत नाही.

पण मूस? ते तिथल्या आज्यांचं काम. सुपरमार्केटात स्वयंपाकासाठी म्हणून चॉकलेटची जी जाड वडी मिळते, तिच्या वेष्टनावरच कृती छापलेली असते: २०० ग्रॅम चॉकलेट, ६ अंडी, चिमूटभर मीठ. संपली यादी. ओव्हन नाही, क्रीम नाही, जिलेटिन नाही. नाजूक ग्लासांत घालून वर पुदिन्याचं पान खोचणं हे हॉटेलवाल्यांचं. घरी एकाच मोठ्या वाडग्यात लावतात आणि टेबलावर वाडगं फिरतं, ज्याने त्याने डावाने वाढून घ्यायचं. यात दिखावा शोधायचा तरी कुठे?

मजा काय, असं विचारलंत. ती हात चालवतानाच कळते. चॉकलेट उकळत्या पाण्याच्या वाफेवर वितळवून जरा निवू द्यायचं, मग त्यात बलक एकेक करून घालायचे. पहिल्या बलकाला मिश्रण घट्ट होतं, बिघडलं की काय असं वाटतं. चौथ्या-पाचव्यापर्यंत ते तुकतुकीत होऊन चमच्यावरून जाड रिबिनीसारखं उतरायला लागतं. पांढरं वेगळ्या, कोरड्या भांड्यात फेटायचं. त्यात बलकाचा ठिपका गेला तरी फेस नीट धरत नाही. फेसाचे शेंडे उभे राहिले की त्यातला थोडा चॉकलेटमध्ये बिनधास्त ढवळून टाकायचा. तो बळी जातो, पण मिश्रण सैल करून जातो. उरलेला मात्र हलक्या हाताने: चमचा मधोमध तळापर्यंत घालायचा, खालचं वर आणायचं, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते, ते फुटणारे बुडबुडे. पांढरे ठिपके दिसेनासे झाले की थांबायचं. लगेच फ्रिजमध्ये, निदान चार तास.

आता कच्ची अंडी. तुमची ही काळजी वाजवी आहे. गरोदर बायका, लहान मुलं आणि, रागावू नका, तुमच्या वयाची माणसं यांनी हे मूस टाळलेलंच बरं. बाकीच्यांनीही ताजी अंडी घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावं. पण अंड्यांवाचून अडत नाही. एर्वे तिस नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत, स्वयंपाकघरात काय घडतं याचा अभ्यास करणारे. त्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की नुसतं चॉकलेट आणि पाणी यांचंही फेटलेल्या क्रीमसारखं होतं.

तुम्ही म्हणाल, चॉकलेटला पाण्याचा थेंब लागला तर ते फुटतं. खरं आहे. थेंबभर पाण्याने साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात, लगदा होतो. पण पाणी भरपूर असेल तर साखर विरघळते आणि कोको बटरचे, म्हणजे चॉकलेटमधल्या स्निग्धांशाचे, बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात, क्रीममध्ये लोणी असतं तसे. ७० टक्के कोको असलेलं २२५ ग्रॅम चॉकलेट आणि साधारण २०० मिली पाणी एकत्र गरम करून एकजीव करायचं, भांडं बर्फात बसवायचं आणि फेटत राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग अचानक रंग फिकट होतो, फेटणीचे माग उमटतात, आणि पाकाची तार हुकावी तसं इथे क्षणभरात हुकतं. जास्त फेटलं तर रवाळ होतं. झालंच तर पुन्हा वितळवा, पुन्हा बर्फात ठेवून फेटा. फेकायची वेळ येत नाही. अंडं न खाणाऱ्या घरात मला याहून चांगलं चॉकलेट मूस माहीत नाही.

लाव्हा केकचं. मिशेल ब्रास या शेफने दक्षिण फ्रान्समधल्या लायोल गावी १९८१ साली जो केक केला, त्याच्या पोटात गोठवलेल्या गनाशचा गोळा ठेवलेला असतो. केक पूर्ण भाजला जातो, आत वाहतं ते गनाश. म्हणजे कच्चं काही नाही. केक कमी भाजून मधला भाग ओला ठेवायचा, ही पुढे घरोघरी रूढ झालेली सोपी वाट. तुमचा आक्षेप तिला लागू आहे, ब्रासच्या पद्धतीला नाही. गनाश करणं तर मूसहूनही सोपं: गरम क्रीम चॉकलेटवर ओतायचं, मिनिटभर थांबायचं, मधून बाहेर ढवळायचं. आणि हा केक दुकानातून आणायचा तरी कसा? ओव्हनमधून निघाल्यावर काही मिनिटांत खायचा पदार्थ तो. खोक्यात बसून रिक्षाने येईपर्यंत आतलं वाहायचं थांबलेलं असतं.

राहिली चव. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही खाल्लेलं खरं चॉकलेट नसून कम्पाउंड नावाचा त्याचा स्वस्त पर्याय असावा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेने. कम्पाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं. ते टाळूला चिकटतं आणि जिभेवर मेणाचा थर ठेवून जातं. आपल्याकडच्या बेकरीत केकवर बऱ्याचदा तेच असतं, कारण उन्हाळ्यात टिकतं आणि स्वस्त पडतं. पदार्थात दोन-तीनच जिन्नस असले की असली लबाडी झाकायला जागा उरत नाही. म्हणून वडी घेताना नाव पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा: कोको बटर आहे का, आणि हायड्रोजिनेटेड तेल तर नाही ना.

करून पाहणार असाल तर पाण्याचंच करा. बर्फ आदल्या रात्री लावून ठेवा, भांडं स्टीलचं घ्या, आणि फेटायला घरातल्या कुणाला तरी जोडीला घ्या, कारण हात भरून येतो. रवाळ झालं तर किती टक्क्यांचं चॉकलेट आणि किती पाणी घेतलंत ते इथेच लिहा. प्रमाण कुठे कमी-जास्त करायचं ते सांगते.