‘वीस लाखांत ऐंशी लाखांची गाडी’ : अर्ध्यावर सोडलेला हिशेब

गेली दोन-तीन वर्षं एक मजकूर घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दा तोच असतो : “पन्नास लाख घालून नवी फॉर्च्युनर कशाला घेता? दिल्लीत ऐंशी लाखांची जर्मन नाहीतर स्वीडिश एसयूव्ही वीस-बावीस लाखांत मिळते. जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली, म्हणजे नवीच. घसारा पहिल्या मालकाने सोसला. एनओसीचं एजंट बघतो. आणि सुरक्षा अशी की घरच्यांची काळजीच नको.” खाली पांढऱ्याशुभ्र गाडीचा फोटो आणि एक मोबाइल नंबर.

माझ्या मेव्हण्यानेही हा मजकूर मला पाठवला होता. “दाजी, खरं असतं का हे?” मी सविस्तर उत्तर लिहीपर्यंत त्याने टोकन भरलं होतं. तेव्हा अर्धवट राहिलेलं ते उत्तर आज पूर्ण लिहितो आहे, कारण या मजकुराला भुलणारी माणसं श्रीमंत नसतात. आयुष्यात एकदाच मोठी गाडी घ्यायची, आई-वडिलांना नीट बसवून न्यायचं, म्हणून साठवलेले पैसे त्यात जातात.

आधी किमतीचं बघू. गाडी वीस लाखांत मिळते, हे मी नाकारत नाही. पण वीस लाख ही फक्त विकणाऱ्याला द्यायची रक्कम आहे. हेडलाइट, ब्रेकच्या डिस्क, गिअरबॉक्सचं तेल, दाराचे सेन्सर, वीस इंची टायर यांचे भाव ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत, उलट जास्त वेळा लागतात.

यातल्या अनेक गाड्यांना एअर सस्पेन्शन असतं. लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे. त्यावर गाडी इतकी मऊ चालते की एकदा बसलेला माणूस विसरत नाही. पण रबर ते रबरच. सात-आठ वर्षांत त्याला बारीक भेगा पडतात आणि रात्रभरात थोडी थोडी हवा जाते. ती भरून काढायला कंप्रेसर वारंवार चालतो, आणि गळतीकडे दुर्लक्ष झालं की शेवटी तोही जळतो. विकत घेताना हे दिसत नाही, कारण विकणारा इंजिन चालू करूनच गाडी दाखवतो. म्हणून अशी गाडी रात्री जिथे उभी केली असेल तिथे सकाळी, कुणी स्टार्टर मारण्याआधी, जाऊन बघावी. चारही चाकांवरच्या कमानीची उंची टेपने मोजावी. एक कोपरा बोटभर जरी खाली असला तरी भाव थांबवून आधी त्याचं कारण विचारावं.

मेव्हणा बार्शीला राहतो. त्याने गाडी घेतली ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. शस्त्रक्रियेनंतर त्यांना दर काही आठवड्यांनी पुण्याला दाखवायला न्यावं लागत होतं. चौथ्या महिन्यात एका सकाळी गाडीची मागची बाजू जमिनीकडे बसलेली दिसली. त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप त्याला पुण्यात, दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. गाडी फ्लॅटबेडवर चढवून आणली. मागचे दोन्ही फुगे आणि कंप्रेसर मिळून अंदाजपत्रक साडेतीन लाखांच्या वर गेलं आणि भाग यायला सव्वा महिना लागला. तेवढ्या काळात सासूबाई तपासणीला आल्या त्या भाड्याच्या गाडीने, पाय आखडून. त्या काही बोलल्या नाहीत. मेव्हण्याचा चेहरा मात्र मला अजून आठवतो.

आता दिल्ली. तिथे या गाड्या स्वस्त का, हे मजकुरात कधीच नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2014-15 मध्ये दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली. 29 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणी कधी कडक, कधी सैल होत राहिली. शिवाय हिवाळ्यात हवा बिघडली की बीएस-4, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषांच्या, डिझेल गाड्यांवर निर्बंध येतात. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या डिझेल गाडीला तिथे गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. महाराष्ट्रात तीच गाडी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं चालवता येते. म्हणजे मजकुरातला एक भाग खरा आहे : भावातला हा फरक खरोखर असतो आणि एखाद्याला त्याचा फायदा होऊही शकतो.

पण त्यातला मोठा वाटा आपल्या आरटीओत जमा करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीचा एकरकमी कर 15 टक्के आहे. नव्या ऐंशी लाखांच्या गाडीवर तो 12 लाख होतो. बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे वजावट मिळते, पण मोजणी सुरू होते मूळ ऐंशी लाखांपासून, तुम्ही दिलेल्या वीस लाखांपासून नाही. बहुतेकांची फसगत नेमकी इथे होते. सौदा करण्याआधी मूळ बिलाची प्रत घेऊन आपल्या आरटीओत जावं आणि कराचा आकडा काढून आणावा. बिल नसेल तर थांबावं.

“एजंट बघतो” याचा अर्थही नीट विचारून घ्यावा. दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मालकी बदलासाठी 29 आणि 30, कर्ज असेल तर ते उतरवल्याचा 35. थकलेली चलनं राहिली की एनओसी अडकते. काही एजंट सांगतात, “दिल्लीच्याच नंबरावर चालवा, कोण विचारतंय?” हे ऐकू नका. आरसी जुन्या मालकाच्या नावावर असताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा अडकू शकतो, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर दोन्ही कुटुंबं वर्षानुवर्षं कोर्टात फिरतात.

विम्याचंच बोलतो आहे तर हेही इथेच सांगून टाकतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा कापतात. तो वाचवणारं झीरो डेप्रिसिएशनचं कवच अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर देत नाहीत. आठ वर्षांच्या गाडीचा पुढचा बंपर फुटला तर त्याचं अर्धं बिल तुमचं.

“तीस हजार किलोमीटर, म्हणजे नवीच.” हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आठ वर्षांत तीस हजार म्हणजे दिवसाला सरासरी दहा किलोमीटर. घर ते ऑफिस, ऑफिस ते क्लब, सिग्नलला उभं राहणं. डिझेल इंजिनाला याहून वाईट वापर नाही. अनेक गाड्यांत त्याच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला गॅरेजात डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्याला साधारण 600 अंश तापमान लागतं आणि ते हायवेवर सलग चाललं तरच मिळतं. शहरात रखडत चाललेल्या गाडीचा फिल्टर भरत जातो, न जळलेलं डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं आणि ते तेल पातळ होतं. पुणे-नागपूर करून नव्वद हजार झालेली, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली गाडी मी अशा तीस हजारवालीपेक्षा आधी घेईन.

आणि तो आकडा खरा कशावरून? मीटर मागे फिरवणारे सगळ्या शहरांत आहेत. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. 2017 ची गाडी तीस हजार चालली म्हणतात आणि टायर 2023 चे आहेत. कदाचित रबर जुनं झालं म्हणून बदलले असतील, कदाचित दुसरा संच झिजून गेला असेल. विचारा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगवरचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर बघा. मग चेसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढा, त्यात प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. मालक ती नोंद काढू देत नसेल तर तिथून निघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का तेही पाहा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तो शेवटचा भाग बहुधा धुवायचा राहतो.

सुरक्षेवर थोडं थांबून बोलायचं आहे. या गाड्यांची बांधणी मजबूत असते, ब्रेक उत्तम असतात, एअरबॅग भरपूर असतात. हे सगळं मान्य. पण “घरच्यांची काळजीच नको” हे वाक्य मला सहन होत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी आलिशान जर्मन एसयूव्ही होती. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. आपल्याकडे मागे बसणारे कोण असतात? आई, वडील, मुलं. ज्यांच्यासाठी गाडी घेतली तीच माणसं बिनापट्ट्याची बसतात, कारण आजीला पट्टा काचतो आणि नातू मांडीवर असतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय बसवलं तर कलम 194ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे, पण हा प्रश्न दंडाचा नाही. जोरात ब्रेक लागला की मांडीवरचं मूल कुठल्याही हाताला आवरत नाही.

म्हणून गाडी बघायला जाताना बालआसन सोबत न्या आणि आयसोफिक्सच्या कड्यांना ते प्रत्यक्ष अडकवून पाहा. ते बसवल्यावर शेजारी मोठं माणूस बसतं का? मागे तिसरी रांग असेल तर तिथे जायला वाट उरते का? बाजूच्या पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का? हे गाडीगणिक वेगळं असतं. मजकुरातल्या फोटोखाली सर्रास “सात-सीटर” लिहितात. व्होल्वो एक्ससी90 आणि ऑडी क्यू7 ला तीन रांगा आहेत, पण आपल्याकडे विकलेली मर्सिडीज जीएलई पाच जणांची आहे. तीन रांगांच्या गाडीतही सातही जण बसले की मागे उरलेल्या जागेत लग्नाच्या बॅगा मावत नाहीत.

स्टेपनीचंही बघा. काही मॉडेलांना रनफ्लॅट टायर असतात आणि जादा चाक नसतं. हवा पूर्ण गेल्यावरही असा टायर ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर चालतो. एक्स्प्रेसवेला ते पुरतं. रविवारी संध्याकाळी गगनबावड्याच्या घाटात, मुलं झोपलेली असताना, पुढच्या गावात त्या मापाचा टायर मिळेलच असं नाही.

राहिला घसारा. सर्वात मोठी घसरण पहिल्या तीन-चार वर्षांत होते, हे बरोबर आहे. पण त्यानंतर ती थांबते हे चूक. 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या गाड्यांवरचा कर 28 टक्के जीएसटी अधिक 22 टक्के सेस असा 50 वरून सरळ 40 टक्क्यांवर आला. फॉर्च्युनरची किंमत साडेतीन लाखांपर्यंत उतरली, जर्मन गाड्याही उतरल्या. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच आठवड्यात दबतो. आदल्या महिन्यात जुनी घेतलेल्याचा घसारा कुठल्या पहिल्या मालकाने सोसला? शिवाय आठ वर्षांची गाडी पाच वर्षं वापरून तेराव्या वर्षी विकायला काढाल तेव्हा तिला बँक सहसा कर्ज देत नाही. रोख देणारंच गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि तो तुमच्याहून जास्त घासाघीस करतो.

फॉर्च्युनरची तरफदारी मी करत नाही. तिची बॉडी ट्रकसारख्या, शिडीच्या आकाराच्या चेसिसवर बांधलेली, खड्ड्यात मागचे प्रवासी हलतात, चढायला उंच. सासूबाईंना तिच्यात पायरीला पाय लावूनही दोघांचा आधार लागला. पण बिघाडाला ती तालुक्याच्या गावीही दुरुस्त होते आणि विकताना माणूस रांगेत उभा असतो. पन्नास लाख हा त्याचाही भाव आहे.

मला कुणी विचारलं तर मी सांगतो : लक्झरी गाडीच घ्यायची असेल तर तीन-चार वर्षांची, महाराष्ट्रातच नोंदलेली, एकाच मालकाची, पूर्ण सर्व्हिस नोंद असलेली घ्या. जमलं तर कंपनीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजनेतून घ्या, तिथे वॉरंटी मिळते. भाव जास्त पडेल. आणि गाडीच्या किमतीच्या वर निदान चार लाख बँकेत बाजूला ठेवा, ते गाडीचेच समजा. ते ठेवणं जमत नसेल तर नव्या देशी एसयूव्हीत बसा. एक्सयूव्ही700 ला 2021 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले आहेत.

मेव्हण्याने दुरुस्तीनंतर ती गाडी तोट्यात काढली. गेल्या रविवारी आम्ही पुण्यात एका गृहस्थांची चार वर्षांची गाडी बघायला गेलो. नोंदी चोख, टायर वर्षाला जुळणारे, मालक सज्जन. सासूबाईंना दुसऱ्या रांगेत बसवलं, पुढची सीट मेव्हण्याच्या मापाने मागे घेतली. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “गाडी छान आहे रे, पण माझा पाय सरळ होत नाही.” आम्ही गृहस्थांचा चहा घेतला आणि निघालो. येत्या रविवारी नाशिकला एक बघायची आहे. सासूबाई बरोबर येणार आहेत.