वाडा यादीत गेला म्हणजे वाडा गेला?

पुण्याच्या पेठांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘वाडामालकांनो, सावध! हेरिटेज यादीत नाव गेलं की वाडा सरकारजमा. मग खिळाही ठोकता येत नाही. पुरातत्त्व खातं निळी पाटी लावून मोकळं होतं आणि शंभर मीटरच्या आतली माणसं देशोधडीला लागतात.’ शनिवार पेठेतल्या माझ्या मामांनी हा वाचला आणि ‘यादी यायच्या आत’ दिंडीदरवाजाची सागवानी चौकट विकायला काढली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला घोळ ‘पुरातत्त्व खातं’ या शब्दातच आहे. पुण्यात तीन वेगवेगळ्या यंत्रणा काम करतात. शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. गंज पेठेतला महात्मा फुले वाडा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे, त्यासाठी 1960 चा वेगळा कायदा आहे. विश्रामबागवाडा आणि नाना वाडा महापालिकेच्या ताब्यात. मामांच्या वाड्यासारख्या खाजगी वाड्यांचा संबंध येतो तो बहुतेक वेळा महापालिकेच्या वारसा यादीशी. ती यादी नगररचनेच्या नियमांखालची आहे. तिची आणि केंद्राच्या प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्याची सरमिसळ केली की असे मजकूर तयार होतात.

आता ‘सरकारजमा’. महापालिकेच्या यादीत नाव आलं म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचं नाव बदलत नाही. वाडा विकता येतो, भाड्याने देता येतो, मुलांच्या नावे करता येतो. केंद्राच्या कायद्यातही मालकी आपोआप जात नाही. स्मारक घोषित करण्याआधी सरकारला अधिसूचना काढून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात. त्यानंतरही मालक मालक राहू शकतो आणि लेखी करार करून फक्त देखभालीचं पालकत्व खात्याकडे देऊ शकतो. ही तरतूद कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे.

खिळ्याची गोष्ट. महापालिकेच्या यादीत तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत इमारतीला हात लावायचा तो मजबुतीकरणासाठी, फार जपून. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर बदलांना बरीच मोकळीक असते. म्हणून यादीचं नाव ऐकताच घाबरण्याआधी श्रेणी विचारा. परवानगी लागते हे खरं आहे, आणि ती लागावी असंच माझं मत आहे. विटा, माती, चुना आणि लाकडाच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल आतच राहते. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. दोन-चार पावसाळ्यांत भिंत फुगते, तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं, आणि मग ‘वाडा जुना होता, पडला’ असं म्हटलं जातं. परवानगीच्या वेळी जाणकार माणसाने हे एकदा सांगितलं तरी तुळया वाचतात.

‘पाटी लावून मोकळं होतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. शनिवारवाड्यातला राजवाडा 1828 च्या आगीत जळाला. आज आपण पोरांना घेऊन जी जोती आणि हजारी कारंजं दाखवतो, ती सगळी मातीखाली गेली होती. 1920 च्या आसपास सरकारी उत्खननातून ती वर आली. जागा संरक्षित नसती, तर शहराच्या मध्यावरच्या त्या आवारात एव्हाना काय उभं राहिलं असतं ते सांगायला नको. बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याची मेघडंबरी, तिची कोरीव लाकडं मान वर करून पाहा. 1879 च्या आगीत या वाड्याची मोठी पडझड झाली होती. पुढे तिथे नगरपालिकेचं कार्यालय चाललं, आणि नंतर महापालिकेनेच त्याच्या जतनाचं काम हाती घेतलं. काम धिमं आहे, निधी तुटपुंजा असतो, पहारेकरी कमी पडतात. या तक्रारी मीही करतो. पण केलेलं काम नाकारून त्या तक्रारींना वजन येत नाही.

आणि संरक्षण वेळेत मिळालं नाही तर काय होतं, हे बुधवार पेठेत दिसलं. 1848 मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू झाली तो भिडे वाडा वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यात अडकला, खिळखिळा होत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला. आता तिथे स्मारक होईल. पण सावित्रीबाई ज्या जिन्याने चढल्या तो जिना परत येणार नाही.

राहिला शंभर मीटरचा मुद्दा. यात मजकुराची बाजू काही अंशी खरी आहे. केंद्राच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या बदलानुसार केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित असतात, म्हणजे तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. नियम सरकारी प्रकल्पालाही चुकला नाही: आगाखान पॅलेसमुळेच मेट्रोचा मार्ग नगर रस्ता सोडून कल्याणीनगरातून वळवावा लागला. घराच्या दुरुस्तीला मात्र बंदी नाही. 16 जून 1992 पूर्वीच्या घराला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तो पुढे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो.

अडचण येते ती घर दुरुस्तीपलीकडे गेलं तर. शंभर मीटरच्या आत ते नव्याने बांधता येत नाही. शनिवारवाड्याभोवतीच्या कुटुंबांचं हे दुखणं खरं आहे. पण त्यावर इलाज मागायला याच कायद्यात आधार आहे. ‘पुनर्बांधणी’ म्हणजे आधीच्याच उंचीत आणि आधीच्याच क्षेत्रफळात पुन्हा उभारणी, अशी व्याख्या त्यात केलेली आहे. तेवढीच पुनर्बांधणी, नियंत्रित क्षेत्रात चालते तशी, शंभर मीटरच्या आतल्या राहत्या घरांनाही मिळावी, असा अर्ज कोणी लिहिला तर त्यावर मी सही करीन. मामांनाही हेच सांगितलं. त्यांनी चौकट विकायचं थांबवलंय, आणि सोमवारी आम्ही दोघं वाड्याची श्रेणी विचारायला महापालिकेत जाणार आहोत.