टेम्प्लेट जनरेटर कालबाह्य झाले, हा दावा टिकत नाही

प्रोग्रामर मंडळींमध्ये सध्या एक मत फार फिरते आहे. टर्मिनलवर कमांड देऊन टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून, कोडच्या फाइली बनवणारी साधने (टेम्प्लेट जनरेटर) फक्त टायपिंग वाचवत होती. ते काम आता एआय करतो. तयार झालेल्या फाइलींचा टेम्प्लेटशी पुढे काही संबंध उरत नाही. आणि मुळात एकसारख्या फाइली पुन्हा पुन्हा लागणे हाच रचनेतला दोष आहे, असे त्याचे सार. यातल्या प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते चटकन पटते. परंतु त्यावर विसंबून एखाद्या टीमने आपली टेम्प्लेट्स मोडीत काढली, तर नुकसान टीमचेच होईल.

आधी टायपिंगचा मुद्दा. वेबसाइट बनवण्याच्या जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये (तयार चौकटीत) स्टार्टप्रोजेक्ट ही कमांड दिली की मोजक्याच छोट्या फाइली तयार होतात. जुन्या प्रोजेक्टमधून त्या उचलायलाही फार वेळ लागत नाही. पण सेटिंग्जच्या फाइलीत एक सीक्रेट की (साइटची गुप्त किल्ली) असते आणि ती ही कमांड दर वेळी नव्याने बनवते. जँगो ३.२ पासून तिच्या सुरुवातीला ‘जँगो-इनसिक्युअर’ असे लिहिलेले असते, जेणेकरून तीच की सर्व्हरवर चढवण्यापूर्वी डिप्लॉयमेंटची तपासणी केली तर इशारा मिळावा. जुना प्रोजेक्ट कॉपी करणारा बहुधा हीच की दुसऱ्या साइटवर नेतो, आणि पासवर्ड रीसेटच्या लिंकची खात्री तर याच कीच्या आधारे पटवली जाते. चांगल्या टेम्प्लेटमध्ये काय तेच राहावे आणि काय दर वेळी बदलावे, याचा निर्णय आधीच झालेला असतो. कॉपी-पेस्टमध्ये तो निर्णय कोणीच घेतलेला नसतो.

एआयला सांगितले की तो फाइल लिहून देतो, हे खरेच आहे, आणि एखादी वेगळी, एकदाच लागणारी फाइल हवी असेल तर मीही तोच मार्ग सुचवीन. मात्र तीच सूचना दोनदा दिली तर दोन्ही वेळा तोच कोड येईल, याची हमी नसते. म्हणून प्रत्येक फाइल नव्याने वाचून तपासावी लागते. टेम्प्लेटचा रिव्ह्यू एकदा होतो आणि त्यानंतर टेम्प्लेटच्या प्रश्नांना तीच उत्तरे दिली की त्याच फाइली मिळतात. कुकीकटर या टेम्प्लेट जनरेटरमध्ये तर फाइली बनण्यापूर्वी चालणारी स्क्रिप्टही जोडता येते: पायथन पॅकेजच्या नावात कोणी हायफन टाकला, तर ते पॅकेज नेहमीच्या पद्धतीने इम्पोर्ट होणार नाही, हे ओळखून ती काम तिथेच थांबवू शकते. टेम्प्लेट लिहायला एआयची मदत जरूर घ्यावी. फाइली मात्र कमांडनेच बनवाव्यात.

‘संबंध तुटतो’ या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. काही फाइली एकदा बनवून पुढे आपणच सांभाळायच्या असतात, तर काही कधीही हाताने बदलायच्या नसतात. प्रोटोकॉल बफर्स या, डेटाची रचना व्याख्येत लिहून ठेवण्याच्या पद्धतीचा कंपायलर दुसऱ्या प्रकारच्या फाइली बनवतो. मूळ व्याख्या बदलली की त्या पुन्हा बनवायच्या. गो भाषेत २०१४ साली १.४ आवृत्तीत ‘गो जनरेट’ ही कोड बनवणारी साधने चालवणारी कमांड आली, आणि हा कोड यंत्राने बनवला आहे, बदलू नका, अशी ठरावीक ओळ अशा फाइलींत लिहिण्याचा संकेत तिथे रूढ आहे. ती ओळ इतर साधनेही ओळखतात. पहिल्या प्रकाराबाबत आक्षेप कुकीकटरला बराचसा लागू पडतो, हे मान्य करायला हवे, कारण एकट्या कुकीकटरने जुना प्रोजेक्ट अद्ययावत होत नाही. कॉपियर हा दुसरा जनरेटर मात्र आपण दिलेली उत्तरे आणि टेम्प्लेटची आवृत्ती प्रोजेक्टमध्येच एका फाइलीत नोंदवून ठेवतो. अपडेट करताना तो जुन्या आवृत्तीवरून प्रोजेक्ट पुन्हा बनवतो, आपण त्यात काय बदलले ते शोधतो, आणि ते बदल नव्या आवृत्तीवर चढवतो. जिथे टक्कर होते तिथे गिट या, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनासारख्या खुणा दाखवतो. हे बिनचूक चालतेच असे नाही, पण संबंध तुटला, असे म्हणता येत नाही.

राहिला रचनेतल्या दोषाचा मुद्दा. टेम्प्लेटमधून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये व्यवहाराचे नियम किंवा शंभर ओळींची फंक्शने जात असतील, तर टीकाकार बरोबर आहेत. तो कोड लायब्ररीत, म्हणजे सर्व प्रोजेक्ट वापरतील अशा एकाच सामाईक जागी, हलवावा. परंतु फ्रेमवर्कला ठरावीक जागी लागणाऱ्या फाइली, टेस्टचा सांगाडा किंवा बिल्डची कॉन्फिगरेशन लायब्ररीत सहसा मावत नाही. एवढ्यापुरतेच टेम्प्लेट ठेवावे आणि ते जाणीवपूर्वक बारीक राखावे.