सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत

मूल कर्णबधिर आहे असं कळलं की आईवडिलांना एक सल्ला हमखास मिळतो, फोनवर फॉरवर्ड होऊनही येतो: खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे, तिला व्याकरण नाही, ती जगभर एकच आहे, आणि मुलाला खुणांची सवय लागली की ते बोलायला शिकत नाही, तेव्हा घरात खुणा बंद करा. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी व्याकरण. भारतीय सांकेतिक भाषेतली ‘देणे’ ही खूण घ्या. हात माझ्याकडून तुमच्याकडे गेला की ‘मी तुम्हाला देते’; तुमच्याकडून माझ्याकडे आला की ‘तुम्ही मला देता’. मराठीत जे काम विभक्ती करते, ते इथे हाताची दिशा करते. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेबद्दल दाखवून दिलं की हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा मोजक्या घटकांतून खुणा घडतात, जसे ध्वनींतून शब्द. पुढे मेंदूच्या अभ्यासात आणखी ठोस गोष्ट दिसली. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या काही बधिर माणसांची सांकेतिक भाषा विस्कटली, पण साधे हातवारे त्यांना नीट करता येत होते. दोन्ही गोष्टी एकच असत्या तर असं झालंच नसतं.

जगभर एकच? अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये इंग्रजीच बोलतात, तरी तिथल्या सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. अमेरिकेतली फ्रेंचांच्या जवळची आहे, कारण १८१७ मध्ये हार्टफर्डला बधिरांची शाळा निघाली तेव्हा तिथे शिकवायला लोराँ क्लेर फ्रान्सहून आले होते.

बोलणं खुंटतं, या तिसऱ्या मुद्द्याने मात्र पिढ्यांचं नुकसान केलं. १८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली, तिथे तोंडी पद्धतच (खुणा न करता बोलायला आणि ओठ वाचायला शिकवणं) श्रेष्ठ असा ठराव झाला; मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांत वर्गातून खुणा हद्दपार झाल्या, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. तो ठराव बधिर-शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नाकारला तो थेट २०१० मध्ये, व्हँकूव्हरला.

‘ओठ बघून कळेल की’ म्हणणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून बघावं. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळ उमटतात, ते बाहेरून दिसतही नाहीत. हा अंदाजाचा खेळ मुलाने कुठलीही भाषा हाताशी नसताना खेळायचा, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. श्रवणयंत्र, इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र), वाचा-उपचार जरूर करा. पण त्यांचा उपयोग व्हायला वेळ लागतो, आणि सगळ्यांना तो सारखा होत नाही. भाषा रुजण्याची पहिली वर्षं मात्र तोवर थांबत नाहीत. भूक, भीती, ‘आजी कधी येणार’ हे त्या मुलाला आजच विचारता आलं पाहिजे.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा कोश काढला आहे. त्यातल्या खुणांचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. आईवडिलांनी शिकायला सुरुवात तिथून करावी, आणि आपल्या गावातल्या एखाद्या मोठ्या कर्णबधिर माणसाला घरी बोलवावं.