गोळी लवकर पडली की टर्की येते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गर्दचं, म्हणजे हेरॉइनचं व्यसन सोडवण्यासाठी जिभेखाली देतात त्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर मी लेख लिहिला, त्यावर तुमचे आक्षेप दोन. ब्युप्रेनॉर्फिन देणं म्हणजे गर्द सोडवून दुसरी नशा लावणं, त्यापेक्षा 21 दिवस अ‍ॅडमिट करून मोकळं व्हावं, हा पहिला. दुसरा असा की, तुमच्या भाच्याला ओपीडीत पहिली गोळी दिल्यावर तासाभरात उलट्या आणि जोराची टर्की (नशा तुटल्यावर अंगाला होणारा त्रास) सुरू झाली, मग लेखात ‘सुरक्षित’ कशाला लिहिलं?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे लेखाचीही चूक आहे. पहिली गोळी ‘शेवटच्या नशेनंतर काही तासांनी’ घ्यायची, हे मी लिहिलेलं फारच मोघम झालं.

हेरॉइन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरना (पेशींवरच्या ठरावीक जागांना) चिकटतं, त्यांनाच ब्युप्रेनॉर्फिनही चिकटतं आणि त्याची पकड जास्त घट्ट असते. ते हेरॉइनला हुसकावून जागा घेतं, पण त्याचा परिणाम मात्र अर्धवट. अंगात हेरॉइन असताना गोळी पडली, तर माणूस वरच्या पायरीवरून एकदम खाली आपटतो. हे 30 ते 90 मिनिटांत दिसतं. दोष बहुतेकदा गोळीत सोबत घातलेल्या नॅलोक्सोनवर, म्हणजे हेरॉइनचा परिणाम रोखणाऱ्या औषधावर ढकलला जातो. पण जिभेखाली ते जेमतेमच शोषलं जातं. गोळी विरघळवून शिरेतून घेणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून ते घातलेलं असतं.

म्हणून गर्दनंतर निदान 12 तास थांबायचं, मेथाडोन (हेरॉइनऐवजी देतात ते जास्त वेळ टिकणारं औषध) चालू असेल तर 24 तासांहून बरंच जास्त. पण घड्याळापेक्षा लक्षणं महत्त्वाची: जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या. टर्की किती आहे ते मोजणाऱ्या ‘काऊज’ नावाच्या 11 मुद्द्यांच्या तक्त्यावर गुण साधारण 12च्या पुढे गेले की पहिली गोळी, 2 ते 4 मिलिग्रॅम. मग दोनेक तास तिथेच बसवून बघायचं, गरज पडली तर आणखी. पहिल्या दिवशी सहसा 8पर्यंत. पुढे बहुतेकांचं 8 ते 16वर जमतं. इथे एक गडबड नेहमी होते: टर्कीच्या भीतीने पेशंट ‘कालपासून काही घेतलं नाही’ असं सांगतो आणि सकाळीच एक पुडी ओढून आलेला असतो. त्याला रागावून उपयोग नाही, बाहुल्या बघाव्यात.

गोळी गिळायची नाही, नाहीतर बरीचशी वाया जाते. तोंड आधी पाण्याने ओलं करायचं, गोळी जिभेखाली 5 ते 10 मिनिटं, तोवर बोलणं, तंबाखू, गुटखा बंद. विरघळल्यावर चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने, कारण दात खराब होतात.

आता ‘दुसरी नशा’. शरीराला गोळीची सवय होते आणि अचानक बंद केली तर त्रास होतो, हे खरंच आहे. पण दिवसातून एकदा घेतलेली गोळी चोवीस तास पुरते, पुडीसाठीची वणवण थांबते, आणि डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. हेरॉइनला ती नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर मात्र ही मर्यादा गुंडाळून ठेवा; तिथे जीव जातो.

21 दिवस अ‍ॅडमिट करून नशा उतरवण्यात (डिटॉक्स) अंगाची नशा सोसायची ताकद उतरते, ओढ तशीच राहते. बाहेर पडून जुन्याच मापाची पुडी घेतली की ओव्हरडोस. म्हणून गोळी महिने, अनेकदा वर्षं चालते आणि नंतर हळूहळू कमी करतात.

गोळ्या बाहेर विकल्या जातात, हा तुमचा टोमणा मान्य. म्हणूनच ओएसटी केंद्रात (नशेऐवजी असं औषध देणाऱ्या केंद्रात) नर्ससमोर गोळी चुरून जिभेखाली देतात. पण मग कामावर जाणाऱ्याने रोज रांगेत उभं राहायचं, हा त्याचा भुर्दंड.

भाच्याला पुन्हा न्या आणि शेवटची पुडी किती वाजता घेतली ते खरं सांगायला लावा. मधल्या काळात कुणी नाल्ट्रेक्सोन (हेरॉइनचा परिणाम पूर्ण अडवणारं औषध) सुचवलं, तर गर्द पूर्ण बंद होऊन 7 ते 10 दिवस झाल्याशिवाय ते घेऊ देऊ नका. त्याने येणारी टर्की याहून वाईट असते.