म्हणे, संपर्कात राहा!

कार्यक्रमात वकीलसाहेब स्वतःहून कार्ड हातात देतात, वर "मेल टाक हं, बघू इंटर्नशिपचं" म्हणतात. मी त्याच रात्री बसते. चार ओळींच्या मेलला दीड तास! 'आदरणीय सर' लिहू की नुसतं 'सर'? लवादाच्या कलमावर (करारातली, वाद कोर्टाबाहेर सोडवायची अट) आमचं बोलणं झालं होतं, तेही आठवणीने घातलं. सीव्ही जोडलाय ना, तीनदा बघितलं. आठवडा गेला, शुकशुकाट. पुन्हा विचारावं तर आपण चिकट ठरतो, गप्प बसावं तर 'या पोरांना गरजच नाही'. शेवटी धीर करून दुसरा मेल टाकला. उत्तर आलं: "आपण कोण?" अहो, कार्ड तुम्हीच दिलंत ना! लिंक्डइनवर मात्र 'तरुणांनी पाठपुरावा करायला शिकावं' हे साहेबांचं प्रवचन आज सकाळीसुद्धा होतंच.